पडलेल्या तुकड्याची पाठ

२०२३ साली हरतालिकेच्या संध्याकाळी दिव्यांची माळ लावायला मी शिडीवर चढलो. पश्चिमेच्या खिडकीच्या डोक्यावर खिळा धरला, हातोडी मारली आणि थांबलो. आलेला आवाज भिंतीचा नव्हता, पिकल्या फणसाचा होता.

कोकणात वाढलेल्या माणसाला हा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. कच्चा फणस टणटण वाजतो, पिकला की बद्द. फणस बद्द वाजला की घरात आनंद होतो. खिडकीवरचं प्लास्टर तसं वाजलं की काय होतं ते मला पुढचे सहा महिने कळत होतं.

समोरून काही दिसत नव्हतं. शिडी सरकवली, गाल भिंतीला लावला आणि एका डोळ्याने भिंतीच्या कडेकडेने पाहिलं. तेव्हा खिडकीच्या वर, छज्ज्याच्या खाली, प्लास्टरला चक्क पोट आलेलं दिसलं. मधोमध सर्वांत जास्त, आणि डाव्या अंगाला एक बारीक आडवी चीर. खाली आमचा लाकडी बाक. संध्याकाळी आई त्याच बाकावर बसून कुळीथ निवडते, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. बाक उचलून पडवीत नेला. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. माळ पुढच्या दारावर लावली आणि गणपती येऊन बसले.

घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून किलोमीटरभर आत. १९९१ साली वडिलांनी बांधलं. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं; काँक्रिट काय ते खिडक्यादारांवरच्या लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळया, आणि छज्ज्यांपुरतं. मी चिपळूणला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि बहुतेक शनिवारी घरी जातो. भाऊ गेल्यापासून घराचा कर्ता मी, म्हणजे खर्च करणारा. घर कळणारा माणूस भाऊच होते.

गणपतीत घरी माणसं येतात आणि प्रत्येकाला प्लास्टरमधलं कळतं. शेजारच्या आजोबांनी कोयनेचा भूकंप काढला. तो झाला ११ डिसेंबर १९६७ला, म्हणजे घराच्या आधी चोवीस वर्षं, हे मी सांगितलं, त्यावर ते म्हणाले, "अजून हादरे बसतात की." ते खरंच आहे, त्यामुळे मी गप्प बसलो. मुंबईहून आलेल्या मेहुण्याने फोनवर एका केमिकलचा डबा दाखवला, ब्रशने मारायचं, दहा वर्षं बघायला नको. एका ठेकेदाराने शिडीवर न चढताच सांगितलं की सगळ्या खिडक्यांची लिंटेल फोडून नवी टाकावी लागेल. आकडा ऐकून मी त्याला मोदक वाढला.

विसर्जनानंतर चार दिवसांनी, परतीच्या पावसात, रात्री तो तुकडा पडला. आईचा सकाळी फोन. "पाटाएवढं आलंय खाली. मी घमेल्यात भरून ठेवलंय, तू बघशील म्हणून."

तिने ते फेकून दिलं नाही म्हणून हे सगळं लिहायला मिळतंय. कारण बाकी कुणापेक्षाही त्या घमेल्याने जास्त सांगितलं. प्लास्टर पडलं की आपण वर बघतो, भोक किती मोठं आहे ते. मीही तेच केलं असतं. पण पडलेला तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि त्याची पाठ पाहिली.

मोठा तुकडा दोनेक फूट लांब, सहा इंच रुंद. उजवीकडच्या दोन भागांची पाठ पाटीसारखी गुळगुळीत. तिच्यावर बारीक समांतर रेघा होत्या. क्षणभर कळेना, मग उमजलं की या लाकडाच्या रेघा. लिंटेल ओतताना सेंटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, फळ्या लावल्या होत्या, त्यांचा ठसा काँक्रिटवर उमटला. त्या गुळगुळीत काँक्रिटवर थेट प्लास्टर चढवलं आणि प्लास्टरने त्या ठशाचा ठसा घेतला. धरून मात्र काही ठेवलं नाही. काँक्रिटवर प्लास्टर करण्याआधी छेनीने टाचे मारतात, खरखरीत करतात, तेव्हा मसाला धरतो. इथे एक टाचा नव्हता. इतकी वर्षं ते प्लास्टर केवळ सवयीने तिथे होतं असं म्हणायचं.

डावीकडच्या भागाची पाठ अगदी वेगळी. तिथे प्लास्टर एकटं आलं नव्हतं. काँक्रिटची खपली सोबत घेऊन आलं होतं, आत खडी दिसत होती, आणि मधून तांबूस रंगाची एक पन्हळ गेली होती. करंगळी बरोबर बसेल अशी. सळई जिथे होती तिथला गंज.

म्हणजे दोन आजार. उजवीकडे प्लास्टर नुसतं सुटलेलं. डावीकडे ते आतून ढकललेलं. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो काँक्रिट फोडून घेतो. बाहेरून मात्र दोन्हीकडे सारखंच पोट आणि सारखाच फणसाचा आवाज.

तुकड्याची कड पाहिली आणि जरा ओशाळलो. आत १९९१चं प्लास्टर, पंधराएक मिलिमीटर. त्यावर करड्या मसाल्याचा दुसरा थर, वीस मिलिमीटर. त्यावर पुट्टी आणि रबरासारखा सोलला जाणारा रंगाचा पापुद्रा. वरचे सगळे थर माझे. २०१५ साली तिथे एक बारीक चीर दिसली होती, मी रंगाऱ्याला म्हटलं बुजव, आणि त्याने मनापासून बुजवली. वर वॉटरप्रूफ रंग दोन हात. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून मारलेल्या त्या रंगाने आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही बंद केली होती. शिवाय आधीच न धरलेल्या थराच्या अंगावर दुप्पट ओझं चढवलं होतं. मेहुण्याच्या केमिकलला हसणारा मी, आठ वर्षांपूर्वी तोच डबा विकत घेऊन मोकळा झालो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मोकळे काढले. पहिला दिवस वाजवण्याचा. हातोडीच्या लाकडी दांड्याने, वीतभर अंतरावर, आडव्या ओळीत हळूहळू ठोकत जायचं आणि आवाज बदलला की खडूने खूण करायची. शेवटी खुणा जोडल्या. मला वाटलं होतं गोल नाहीतर लांबट काहीतरी येईल. आला तो वाकडा नकाशा: खिडकीच्या उजव्या टोकापासून अरुंद पट्टा, डावीकडे रुंद होत गेलेला, आणि डाव्या टोकाला छज्ज्याच्या पोटात चांगला हातभर शिरलेला. चिऱ्याच्या भिंतीवरचं प्लास्टर सगळीकडे टणक. जांभ्याला मुळातच भोकं असतात, प्लास्टर त्यात बोटं रोवून बसतं. पोकळ होतं ते फक्त काँक्रिटवरचं.

आई खालून म्हणाली, "नकाशा तर काढलास, आता डोंगर कुठे ते सांग."

पुढचा प्रश्न जास्त गंभीर होता. झोळ प्लास्टरला आलाय की लिंटेललाच? लिंटेल वाकली असेल तर वरच्या चिऱ्यांचा भार खिडकीवर येतोय, आणि मग हे माझं काम नव्हे. यासाठी फार उपकरणं लागत नाहीत. घरात आतून, लिंटेलच्या तळाशी, जिथे प्लास्टर पक्कं वाजत होतं तिथे टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली. लिंटेलने मध्ये कुठे दोरी खाली ढकललेली नव्हती. बाहेर पोटावर सरळ पट्टी धरली तर मधला भाग टोकांपेक्षा चौदा मिलिमीटर पुढे. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. फरक तीन मिलिमीटर, आणि तेवढा फणसाच्या लाकडाच्या जुन्या चौकटीला माफ आहे. झडपं उघडून मिटून पाहिली. हे मात्र पावसाळ्यात करण्यात अर्थ नाही. आमच्याकडे जुलैत प्रत्येक झडप अडकतं, पाणी पिऊन फुगलेलं असतं, आणि माणूस उगाच लिंटेलवर संशय घेतो. नोव्हेंबरात ती मोकळी फिरली. चिरांच्या दिशाही बघितल्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, जिन्यासारखी वर चढणारी चीर असती तर पाया किंवा लिंटेलचे टेकलेले भाग तपासावे लागले असते. तशी कुठेच नव्हती. होती ती एकच, आडवी, सळईच्या रेषेत.

छज्ज्याचं गणित उलटं असतं. तो भिंतीतून बाहेर आलेला हात आहे, त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. काँक्रिट ओतताना माणसं त्या जाळीवर उभी राहतात, सळई दबून खाली जाते आणि छज्जा आयुष्यभर मान टाकतो. त्याची चीर वर, भिंतीलगत दिसते. खालून बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून वर चढून भिंतीलगतची रेघ साफ केली. धोक्याची चीर नव्हती. पण वर चढलो म्हणून दुसरीच गोष्ट दिसली.

छज्ज्यावर डिश अँटेना होती. चार बोल्ट, डाव्या टोकाला, भिंतीपासून सहा इंचांवर. बसवायला आलेल्या मुलाला जागा मीच दाखवली होती. बोल्टांभोवती काळसर ओल आणि शेवाळ, आणि खाली सरळ रेषेत माझ्या नकाशाचा तो फुगीर भाग.

पुतण्याकडून गोटी मागून घेतली आणि छज्ज्यावर ठेवली. छज्ज्याला उतार बाहेर असतो, गोटी बाहेर पडायला हवी. ती भिंतीकडे घरंगळत आली आणि बोल्टापाशी थांबली. पुन्हा ठेवली, पुन्हा तिथेच. २०१५च्या त्या दुरुस्तीत छज्ज्यावरही मसाल्याचा हात फिरवला होता आणि उतार उलटा करून ठेवला होता. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो चार महिने त्या गोटीच्या वाटेने येऊन बोल्टापाशी बसत होता.

पाण्याची परीक्षा मुद्दाम डिसेंबरपर्यंत थांबवली, भिंत सुकावी म्हणून. नळी लावायची ती खालून वर. आधीच वरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पहिली पंधरा मिनिटं चौकटीच्या सांध्यावर: काही नाही. मग छज्ज्याच्या पुढच्या कडेवर. इथे पाणी खाली पडायला हवं होतं. ते कडेला चिकटून छज्ज्याच्या पोटावरून मागे, भिंतीपर्यंत चालत आलं. छज्ज्याच्या पोटात कडेलगत एक खोबण ठेवतात, पाणी तिथे तुटतं आणि थेंब होऊन गळतं. आमच्या छज्ज्याला ती खोबण होती, भाऊंनी करून घेतलेली. माझ्या रंगाऱ्याने पुट्टीने भरून सफाईदार केली होती. शेवटी बोल्टांवर नळी धरली. दहा मिनिटांच्या आत लिंटेलच्या डाव्या उघड्या भागावर ओलसर डाग उमटला आणि वाढत गेला.

इथे माझं समाधान व्हायला हवं होतं. पाणी कुठून येतं ते सापडलं, सगळा दोष माझा, विषय संपला. पण शिकवण्याच्या धंद्यातली खोड आड आली. पाणी तर सगळ्याच काँक्रिटमध्ये थोडंफार शिरतं. चांगल्या काँक्रिटमधलं लोखंड तेवढ्याने गंजत नाही, कारण ताजं काँक्रिट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३, आणि तेवढ्या अल्कात लोखंडावर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. तो पापुद्रा फुटतो दोन कारणांनी. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून अल्क संपवतो. दुसरं, मीठ.

पहिलं तपासायचं औषध माझ्या प्रयोगशाळेत बाटलीभर असतं. फिनॉल्फ्थॅलीन, अल्क असेल तिथे गुलाबी होणारं. अकरावी-बारावीच्या पोरांना ब्युरेटखाली जो गुलाबी रंग बघायला लावतो, तोच. प्राचार्यांना सांगून थोडं घेतलं. लिंटेलच्या डाव्या टोकाला छेनीने ताजी खाच पाडली, सळईच्या मागेपर्यंत, धूळ फुंकून काढली आणि शिंपडलं. बाहेरचे आठ-दहा मिलिमीटर तसेच करडे राहिले. त्याच्या आत काँक्रिट गडद गुलाबी झालं. आणि सळई होती पंचवीस मिलिमीटर आत. गुलाबीच्या मधोमध, गंजलेली. नुसती तांबूस नाही. जागोजागी खड्डे पडलेली, देवीच्या व्रणांसारखी.

छज्ज्याच्या पोटातली सळई जेमतेम दहा मिलिमीटर आत, तिथला अल्क संपलेला, तिचा गंज समजण्यासारखा होता. पण लिंटेलमध्ये अल्क शाबूत आहे आणि लोखंड खाल्लं जातंय, तर दुसराच कोणीतरी आत आहे. परांचीवर बसून मी त्या गुलाबी खाचेकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. आई म्हणाली, "रंग छान आहे रे. तोच देऊया का सगळ्या भिंतीला?"

मिठाची परीक्षाही अभ्यासक्रमातलीच. खाचेतून, तीस मिलिमीटर आतून, काँक्रिटची भुकटी काढली. दुसरी भुकटी पृष्ठभागाजवळची. तिसरी न्हाणीवरच्या स्लॅबची, तो १९९८चा. शनिवारी काढल्या, सोमवारी तास संपल्यावर प्रयोगशाळेत उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळल्या, गाळल्या. त्यात आधी विरल नायट्रिक आम्ल, कारण अल्कधर्मी पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर तपकिरी गाळ बसतो आणि फसगत होते. मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. न्हाणीच्या स्लॅबच्या नळीत किंचित धुकं. लिंटेलच्या दोन्ही नळ्यांत दह्यासारखा पांढरा साका. अमोनिया घातल्यावर विरघळला. क्लोराइड, म्हणजे मीठ.

मीठ खाऱ्या वाऱ्यानेही येतं, पण वाऱ्याचं मीठ बाहेर जास्त आणि आत कमी असतं. इथे आतल्या नळीतला साका बाहेरच्याइतकाच दाट. म्हणजे ते मागाहून शिरलेलं नव्हतं, काँक्रिट कालवतानाच त्यात होतं. आयएस ४५६ या काँक्रिटच्या भारतीय मानकाच्या २०००च्या आवृत्तीत लोखंड असलेल्या काँक्रिटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलोपर्यंत क्लोराइड चालतं. माझ्या नळ्यांतून आकडा निघत नाही, आहे की नाही एवढंच कळतं. पण इतका दाट साका थोड्या मिठाचा नसतो.

घराच्या खर्चाची वही भाऊंनी ठेवली होती, लाल पुठ्ठ्याची. ती आईच्या ट्रंकेत सापडली. चिरे, चुना, सिमेंटच्या गोणी, टोर सळई अडीच सुती आणि चार सुती, गवंड्याची मजुरी, चहा. रेतीच्या नोंदी मी बोट ठेवून वाचत गेलो. 'खाडीची रेती, हातपाटी, १ ब्रास.' त्याखाली: 'रेती धुणे, २ गडी.' फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये दोनदा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात 'लिंटेल व छज्जे, पश्चिम व दक्षिण बाजू', रेती दीड ब्रास. धुण्याची नोंद नाही.

आईला विचारलं. तिने चष्मा काढला.

"त्या मेमध्ये विहिरीने तळ गाठला होता. प्यायला पाणी खालच्या वाडीतून, डोक्यावरून. मीच आणायचे, तू घरी नव्हतास. भाऊ म्हणाले होते गवंड्याला, थांबू पाऊस पडेपर्यंत. पण पाऊस पडल्यावर भिंती उघड्या कशा ठेवायच्या? कौलं चढवायला हवी होती. मग तशीच घेतली रेती."

नदीची रेती तेव्हा लांबून, दुप्पट भाड्याने यायची. खाडीत मात्र डुबी मारून होडीत रेती भरणारी माणसं समोर दिसायची. आमच्या वाडीत त्या काळात बांधलेल्या कुठल्याही घरात दुसरी रेती असेल असं मला वाटत नाही. आणि ज्या महिन्यात रेती धुवायला पाणी नव्हतं, त्या महिन्यात ओतलेल्या काँक्रिटवर पुढे आठ दिवस पाणी तरी कुठून मारलं असणार.

तरीही ते काँक्रिट वीस-पंचवीस वर्षं टिकलं. का टिकलं, हेही वहीच्याच एका ओळीत होतं: 'झापं, पश्चिम बाजू.' दर वर्षी मेअखेर. पश्चिमेची आमची भिंत त्रिकोणी, कौलांचा पाखा तिच्यावर येत नाही, झड थेट अंगावर. भाऊ दर पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांची झापं विणून ती भिंत झाकून टाकत. त्यांच्यानंतर मी ते बंद केलं. झापं विणायला माणूस मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर ती मला गावंढळ वाटत. त्याऐवजी तो रंग मारला. मीठ भाऊंच्या वेळचं, पाणी माझं. गंजायला दोन्ही लागतात.

तालुक्याच्या गावाहून एका इंजिनिअरांना बोलावलं. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनी नळ्यांपेक्षा व्हर्नियर कॅलिपर आणला का ते विचारलं. आणला होता. सैल प्लास्टर आधी टेकू लावून, कडेकडेने उतरवलं होतं. सळया ब्रशने घासल्या आणि मोजल्या. लिंटेलची चार सुती सळई बारा मिलिमीटरची, सर्वांत बारीक जागी ११.२. पिळाच्या सळईचं माप एवढं नेमकं धरता येत नाही, पण हिशेबाला पुरे: छेद तेरा टक्के कमी. छज्ज्यातली अडीच सुती, आठ मिलिमीटरची, एका ठिकाणी साडेपाच. तिथे निम्म्याहून जास्त लोखंड गेलेलं.

"लिंटेल राहू दे," ते म्हणाले. "छज्जा काढा."

मेस्त्रींना हे पटलं नाही. "सर, जाळी मारून, मसाला भरून देतो, छज्जा कशाला पाडताय? वरवरचा हाय." त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, पण खारट काँक्रिटमध्ये ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेला गंज जोरात सुरू होतो, नवा अल्कधर्मी मसाला आणि शेजारचं जुनं खारट काँक्रिट यांची मिळून बॅटरी होते. लिंटेलपुरता हा धोका पत्करला, कारण तिचं लोखंड अजून जाड आहे आणि तिच्यावर आता नजर आहे. डोक्यावर अधांतरी राहणाऱ्या छज्ज्याच्या बाबतीत नको वाटलं. मी बॅटरीचं सांगितल्यावर मेस्त्री हसले. "एवढी वर्षा घरा बांधतंय, काँक्रिटला करंट हाय ते कोन बोलला नाय." पण पाडला छज्जा त्यांनीच, आणि पाडताना गप्प झाले. डाव्या टोकाची सळई हातोडीच्या दुसऱ्या ठोक्याला तुटली.

मार्चमध्ये काम उरकलं. लिंटेलच्या सळईमागेपर्यंत काँक्रिट काढलं, गंज घासला, गंजरोधक लेप, पॉलिमर मसाला. सगळ्या चेहऱ्यावर टाचे, मी मोजून घेतले असं मेस्त्री अजून सांगत फिरतात. काँक्रिट आणि चिऱ्याच्या सांध्यावर कोंबडी जाळी. प्लास्टर दोन हातांत, एकूण वीस मिलिमीटर, पुट्टी नाही. रेती नदीची, आणि ती एकदा जिभेला लावून बघितली. सात दिवस पाणी आईने मारलं, दिवसातून तीनदा, गोणपाट बांधून. खिडकीवर आता लाकडी ब्रॅकेटवर कौलांच्या दोन ओळी आहेत. डिश मागच्या बाजूला खांबावर गेली.

बाक परत जागेवर ठेवल्यावर एका रविवारी मी खडू आणि हातोडीचा दांडा घेऊन वहीतली 'पश्चिम व दक्षिण बाजू' वाजवत फिरलो. त्या दीड ब्रासमधल्या आणखी चार लिंटेल आहेत. दोन टणक वाजल्या. माजघराच्या खिडकीवर तळहाताएवढी जागा बद्द, आणि देवघराच्या खिडकीवर ओंजळीएवढी. दोन्हींभोवती खडूने रेघ मारली, खडू पुसला जाईल म्हणून वरून पेन्सिलीने, आणि शेजारी तारीख लिहिली. मेच्या शेवटी झापं विणायला खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, झावळ्या पाण्यात भिजत टाक, बाकी मी येतो.